वेळासच्या पुळणीचे राखणदार

सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते तेथे बाणकोटचा किल्ला उभा आहे, आणि त्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर, नारळी-पोफळींच्या बागांआड, मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव वसले आहे. पेशवाईच्या दप्तराशी ज्याचा परिचय आहे तो वाचक या गावास नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून ओळखतो. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत पहाटेच्या अंधारात पुळण तुडवणाऱ्या येथील साध्या ग्रामस्थांनी आपल्या गावाच्या लौकिकात जी भर घातली आहे, तीही इतिहासाने नोंद घ्यावी अशाच योग्यतेची आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सागरी कासवास वाघाच्या पंक्तीस बसवले आहे. तथापि कायदा कितीही कडक असला, तरी त्याचा अंमल जेथे व्हावयाचा ती जागा म्हणजे भरतीरेषेवरची काळोखातली वाळू, आणि तेथे अपरात्री ना फौजदार असतो ना वनरक्षक. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वर येऊन अंडी घालून गेली, की उजाडता तिचा माग काढून ती उकरून नेणे, खाणे वा विकणे, हे कोकणपट्टीत कित्येक ठिकाणी बिनबोभाट चालत असे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करीत वेळासला आले असता त्यांच्या दृष्टीस कासवाच्या अंड्यांची टरफले पडली, आणि तेथून कासव-रक्षणाच्या या कार्याचा ओनामा झाला.

हे काम किती नाजूक आहे ते समजल्याखेरीज त्याची थोरवी कळणार नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी किनाऱ्यावर पोहोचायचे, समुद्रातून वर आलेला आणि परत गेलेला माग ओळखायचा, आणि मादीने पुन्हा वाळू लोटून बेमालूम बुजवलेली जागा हुडकून काढायची, हा कासवमित्राचा, म्हणजे घरटी राखणाऱ्या ग्रामस्थाचा, नित्यक्रम. घरटे सुमारे हातभर खोल, सुरईसारखे, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असते व त्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. प्रत्येक अंडे उचलताना त्याची वरची बाजू वरच ठेवावी लागते, कारण काही तासांतच आतील गर्भ कवचास वरच्या अंगाने चिकटू लागतो आणि त्यानंतर अंडे उलटेपालटे झाल्यास तो दगावतो. जाळीने बंदिस्त केलेल्या आवारात त्याच मापाचा खड्डा खणून अंडी पुरली, की तारखेची पाटी रोवायची आणि सुमारे पन्नास दिवस वाट पाहायची. या अवधीत वाळूच्या उष्णतेवर पिल्लांचे लिंग ठरते, अधिक तापलेल्या वाळूत माद्या अधिक निपजतात. दिवस भरत आले, की घरट्यावर टोपली पालथी घालून ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. बाहेर आलेली पिल्ले थेट पाण्यात न टाकता वाळूवर सोडतात व आपल्या पायांनी समुद्राकडे जाऊ देतात, कारण मोठेपणी माद्या आपल्या जन्मकिनाऱ्याच्या टापूतच अंडी घालावयास परततात.

२००६ पासून भरू लागलेल्या कासव महोत्सवामुळे पाहुण्यांची ये-जा वाढली, घराघरांतून त्यांच्या भोजन-निवासाची व्यवस्था होऊ लागली, आणि कासवाच्या रक्षणात गावाचा चरितार्थही गुंतला. आज वनखात्याकडून कासवमित्रांस मानधन मिळते. ते मिळावे हे न्याय्यच आहे. जेथे एके काळी अंडी पळवली जात तेथे गावच त्यांचा राखणदार झाला, यास मी या कार्याचे सर्वांत मोठे यश समजतो.

पुळणीवरचा बंदोबस्त मात्र पाण्यापाशी संपतो, आणि तेथून पुढची भिस्त कोळीबांधवांवर असते. जाळ्यात कासव अडकले तर ते सोडवण्यासाठी कित्येकदा जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे कोळ्याचे भांडवल. डिसेंबर २०१८ पासून शासनाने, मत्स्यव्यवसाय विभाग व कांदळवन कक्ष यांच्यामार्फत, असा संरक्षित जीव सोडून दिल्याचे छायाचित्र वा चित्रफीत सादर करणाऱ्या मच्छीमारास नुकसानीदाखल पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देऊ केली आहे. ही योजना स्तुत्य होय; परंतु याच दर्यावर्दी समाजाने भरपाईचा विचार न करता काय केले आहे, याचाही विसर पडू नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या खवळलेल्या दर्यातून जे वाचले त्यांतील अनेकांना कोळ्यांनीच आपल्या मचव्यांत ओढून घेतले.

राखलेल्या जीवांची झेप केवढी असते, हेही आता ठाऊक झाले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासलाच ‘प्रथमा’ नामक मादीच्या पाठीवर उपग्रहाशी संधान बांधणारे यंत्र बसवले, आणि ती गुजरातच्या समुद्रापर्यंत गेलेली दिसली. पुढल्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली.

येत्या फेब्रुवारी-मार्चात जे वाचक वेळासला जातील त्यांना एवढीच विनंती, की विजेरी व कॅमेऱ्याचा झगझगाट टाळावा, कारण पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात व कृत्रिम प्रकाशाने वाट चुकतात. पिल्लांच्या वाटेभोवती बांधलेल्या दोरीच्या आत पाऊल टाकू नये. प्लॅस्टिकचा एक तुकडाही मागे ठेवू नये. आणि कासवमित्र जे सांगेल ते हुकूम मानून पाळावे.