तुमची माणसं कोण?

मुंबईतल्या ५० चाळी आणि त्यांत राहणाऱ्या २,४९१ बायका. कोण कोणाशी बोलतं, कोणाचं कोणाशी जमतं, हे संशोधकांनी विचारून नोंदवलं आणि मग एक प्रयोग केला. रक्तक्षय कमी व्हावा म्हणून लोहयुक्त मीठ घराघरांत पोचवायचं होतं. दारोदार जाऊन प्रत्येकीला सांगणं शक्य नसेल, तर आधी कोणाला गाठायचं? काही चाळींत चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात तशा बायका निवडल्या. काही चाळींत अशा निवडलेल्या बाईने जिचं नाव मैत्रीण म्हणून घेतलं, तिला गाठलं. आणखी काही चाळींत बाई आणि तिची मैत्रीण अशा जोडीलाच सांगितलं. मैत्रिणीला गाठायची आणि जोडीला सांगायची, दोन्ही युक्त्या लागू पडल्या. येल विद्यापीठातले निकोलस क्रिस्टाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

यामागचं गणित समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्येच मांडलं होतं. ज्या बाईच्या दहा मैत्रिणी आहेत, तिचं नाव दहा जणींच्या यादीत येतं. जिला एकच मैत्रीण, तिचं नाव एकाच यादीत. म्हणून कुणाही चौघींना ‘एक मैत्रीण सांग’ म्हटलं, की हाती येणारी नावं सरासरीने जास्त ओळखीपाळखी असलेल्या बायकांची निघतात. अख्ख्या चाळीचा नकाशा न काढताही चाळीतली बोलकी माणसं सापडतात.

पण हे सगळं उभं आहे एका प्रश्नावर: तुमची माणसं कोण? हा प्रश्न कसा विचारायचा, उत्तर कशात नोंदवायचं आणि नोंदवताना माणूस कंटाळणार नाही याची काळजी कशी घ्यायची, यावर समाजशास्त्रात गेली काही दशकं काम चाललं आहे. त्यासाठी खास सॉफ्टवेअर तयार झाली आहेत. आपल्याकडे त्यांची फारशी चर्चा होत नाही. ती व्हायला हवी, कारण या साधनांत चूक झाली तर एखाद्या समाजाचं चित्रच चुकीचं रंगतं. तसं एकदा झालंही आहे.

अमेरिकेत ‘जनरल सोशल सर्व्हे’ नावाचं मोठं राष्ट्रीय सर्वेक्षण अनेक वर्षं चालू आहे. १९८५ मध्ये त्यात रोनाल्ड बर्ट यांच्या पुढाकाराने एक प्रश्न आला: गेल्या सहा महिन्यांत तुम्ही तुमच्या महत्त्वाच्या गोष्टी कोणाकोणाशी बोललात? लोकांनी सरासरी २.९४ नावं सांगितली. २००४ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा सरासरी २.०८ वर घसरली. ‘कोणीच नाही’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांवरून जवळपास २५ टक्क्यांवर गेलं. मिलर मॅकफर्सन, लिन स्मिथ-लोविन आणि मॅथ्यू ब्रॅशिअर्स यांनी २००६ मध्ये हे निष्कर्ष छापले आणि एकच गहजब झाला. दर चार अमेरिकनांमागे एकाला मनातलं बोलायला माणूस नाही! वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, समाज तुटत चालल्याच्या चर्चा रंगल्या.

क्लॉड फिशर यांना मात्र हे पटेना. मैत्रीच्या जाळ्यांचा अभ्यास त्यांनी उत्तर कॅलिफोर्नियात सत्तरीच्या दशकापासून केलेला. माणसांच्या नातेसंबंधांत एवढी पडझड झाली असेल तर ती इतर पाहण्यांतही दिसायला हवी, आणि ती दिसत नव्हती. २००९ मध्ये त्यांनी लिहिलं की हा आकडा सर्वेक्षणाच्या पद्धतीतूनच उपजलेला असावा. पुढे २०१३ मध्ये अँथनी पाइक आणि केनेथ सँचग्रिन यांनी मुलाखतकारानुसार आकडे वेगळे काढून पाहिले. काही मुलाखतकारांकडे ‘कोणीच नाही’ हे उत्तर न पटण्याइतकं जास्त येत होतं. त्यांचा परिणाम वजा केला, की एकाकीपणात झालेली ती भयंकर वाढ उरतच नव्हती.

मुलाखतकार असं का करतील? जरा त्यांच्या जागी उभं राहून पाहा. मुलाखत लांबलचक. समोरचा माणूस घड्याळाकडे पाहतोय. त्यात हा प्रश्न आला. समोरच्याने एक नाव घेतलं, की त्या नावामागे प्रश्नांची रांग उभी राहते: नातं काय, वय काय, शिक्षण काय, किती वेळा भेटता. पाच नावं घेतली, की ती रांग पाचदा. शिवाय ही पाच माणसं एकमेकांना ओळखतात का, हे जोडीजोडीने विचारायचं. ‘कोणीच नाही’ असं उत्तर आलं, की हा सगळा भाग एका फटक्यात गळतो. दहा मुलाखती घेतल्यावर हे कोणाच्याही लक्षात येतं. यात लबाडीच असते असं नाही. नीट प्रशिक्षण नसलेला, थकलेला माणूस ‘अजून कोणी?’ हे विचारायचं सोडून देतो, आणि इकडे एका देशाची माणसं कागदावर एकाकी होतात.

या क्षेत्रातल्या साधनांची खरी परीक्षा इथेच असते. मैत्रीचा नकाशा काढताना सर्वांत जड काम असतं ते जोड्यांचं. पाच नावं असली तर जोड्या १० होतात. दहा असली तर ४५. पंचवीस असली तर थेट ३००. फ्लोरिडा विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर मॅकार्टी आपल्या अभ्यासांत ४५-४५ नावं विचारत. म्हणजे ९९० जोड्या, आणि प्रत्येक जोडीला ‘हे दोघं एकमेकांशी बोलतात का?’ हा प्रश्न. त्यांच्या कामातून ‘इगोनेट’ हे मोफत सॉफ्टवेअर आलं. एकदा टाइप केलेलं नाव ते पुढच्या प्रत्येक प्रश्नात स्वतःच बसवत असे. आज हे किरकोळ वाटेल, पण कागदी प्रश्नावलीत हीच नावं पुन्हा पुन्हा लिहिताना चुका होत. अमेरिकेतल्या रँड संस्थेने पुढे त्याच धर्तीवर ‘इगोवेब’ उभं केलं. जर्मनीतल्या संशोधकांनीही ‘व्हेनमेकर’ हे आपलं साधन तयार केलं.

तरी ९९० वेळा ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं हा छळच आहे. त्यावरचा उपाय संगणकाच्या आधी कागदावर सापडला होता. कान आणि अँटोनुची या संशोधकांनी १९८० मध्ये एकात एक वर्तुळं काढून मधोमध ‘मी’ लिहायची पद्धत मांडली. जिवाभावाची माणसं आतल्या वर्तुळात, दूरची बाहेर. टोरोंटोच्या ईस्ट यॉर्क भागात बॅरी वेलमन, बर्नी होगन आणि हुआन अंतोनियो कारास्को यांनी नावांच्या चिठ्ठ्या अशा वर्तुळांवर चिकटवायला दिल्या आणि कोण कोणाला ओळखतं ते पेनाने जोडायला लावलं. माणसं घोळक्याने विचार करतात: ही कॉलेजची मंडळी, हे ऑफिसातले, ही सासरची. सासरच्या सहा जणांभोवती एक रेघ फिरवली, की पंधरा जोड्या एका क्षणात नोंदल्या जातात.

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मिशेल बर्केट आणि सहकाऱ्यांनी, ऑक्सफर्डच्या होगन यांना सोबत घेऊन, हाच कागद टॅबलेटच्या पडद्यावर आणला. ‘नेटवर्क कॅनव्हास’ हे त्याचं नाव. ते मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. त्यावरची मुलाखत कशी चालते पाहा. आधी नावं टाइप करायची. प्रत्येक नावाचा एक गोल तयार होतो. ‘किती वेळा बोलता?’ असं विचारलं, की पडद्यावर खण दिसतात: रोज, आठवड्यातून, महिन्यातून. गोल बोटाने सरकवून त्या त्या खणात सोडायचे. मग येतात वर्तुळं. गोल आपापल्या जागी ठेवून एका गोलावर टिचकी, मग दुसऱ्यावर टिचकी, की दोघांमध्ये रेघ. सांगणारा आणि विचारणारा शेजारी बसून एकाच चित्राकडे पाहत असतात. एखादा गोल कडेला एकटाच राहिला, की सांगणाऱ्याच्याच तोंडून येतं, ‘अरे, ही तर त्यालाही ओळखते.’ टोबियास स्टार्क आणि जॉन क्रॉसनिक यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या ‘जेन्सी’ या साधनातही रेघा ओढायचं काम असंच उत्तर देणाऱ्याच्या हाती दिलेलं आहे.

मला या साधनांचं सर्वांत मोठं मोल इथे वाटतं. ती माणसाला जोड्यांच्या प्रश्नांखाली चिरडत नाहीत, आपलं जग मांडायला देतात. त्यामुळे मुलाखतकाराला पळवाट शोधायची गरजही कमी पडते.

मात्र कुठलंही साधन आपल्याकडे जसंच्या तसं चालेल असं मानू नये. चाळीतल्या किंवा वाडीवरच्या घरात मुलाखत एकांतात होतच नाही. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना सून ‘मनातलं कोणाशी बोलतेस?’ याचं उत्तर काय देणार? नाव मोठ्याने उच्चारायची पाळी न येता बोटाने गोल सरकवता आला, तर पडदा तिला थोडी आडोशाची जागा देतो. पण तिला वाचता येत नसेल तर तीही जागा जाते. मग चिन्हं, चित्रं, आवाज यांची सोय करावी लागते. नावांचाही घोळ असतोच. एका गावात सुनीता पाच आणि ‘वरच्या आळीतल्या काकू’ तीन. हाँडुरासमधल्या १७६ खेड्यांत काम करताना क्रिस्टाकिस यांच्या गटाने ‘ट्रेलिस’ हे अँड्रॉइड ॲप वापरलं. त्यात गावकऱ्यांचे फोटो आधीच घेतलेले असत आणि सांगणारा फोटो पाहून माणूस दाखवत असे.

फोटो म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतोच. मी मुलाखत द्यायला होकार दिला. पण मी ज्या दहा जणांची नावं, नाती, सवयी सांगितल्या, त्यांना कोणी विचारलं? नेटवर्क कॅनव्हासची सुरुवात शिकागोतल्या समलिंगी तरुणांच्या आणि पारलिंगी स्त्रियांच्या आरोग्याच्या अभ्यासातून झाली. त्यात लैंगिक संबंधांची आणि नशेची माहितीही असते. अशी यादी भलत्या हाती पडली, तर यादीतल्या माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं. या ॲपने मुलाखत इंटरनेटशिवाय घेता येते आणि बाहेर काढेपर्यंत माहिती टॅबलेटवरच राहते, हे त्यामुळेच महत्त्वाचं.

नावाबद्दलही एक साधी गोष्ट आहे. एकेका माणसाच्या गोतावळ्याचाच अभ्यास असेल, तर खऱ्या नावाची गरजच नसते. ‘पमी’, ‘बबलूची आई’ एवढं पुरतं, कारण ते सांगणाऱ्याला ओळखू आलं म्हणजे झालं. मुंबईच्या त्या चाळींसारखं सगळ्यांना एकमेकांशी जोडायचं असेल, तेव्हाच खरी ओळख लागते, आणि तेव्हा ती जपायची जबाबदारीही तितकीच वाढते. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संशोधनाला अटींवर सूट देतो. त्या सुटीकडे मोकळीक म्हणून पाहणं मला चुकीचं वाटतं.

महाराष्ट्रात विद्यापीठं, वैद्यकीय महाविद्यालयं आणि स्वयंसेवी संस्था दरवर्षी कितीतरी सर्वेक्षणं करतात. ‘आजारपणात कोण धावून येतं?’, ‘उसने पैसे कोणाकडे मागता?’ असे प्रश्न त्यांत असतातच. अशी प्रश्नावली आखणाऱ्यांना माझी विनंती आहे: नावं विचारायचा भाग शेवटी ढकलू नका, मुलाखतकारांना त्यासाठी वेगळं शिकवा, आणि एखाद्याकडे ‘कोणीच नाही’चा ढीग जमला तर निष्कर्ष काढण्याआधी त्याच्याशी बोला. आणि उद्या कोणी टॅबलेट घेऊन तुमच्या दारात येऊन तुमच्या माणसांची नावं विचारली, तर उत्तर देण्याआधी एवढं जरूर विचारा: ही नावं कुठे राहतील आणि कधी पुसली जातील?