स्मृतिचाचणीचे माप : न्यूरोसायकॉलॉजी विभागातील संशोधन व अध्यापन

खर्चपत्रकातील 'न्यूरोसायकॉलॉजी : संशोधन व अध्यापन' ही बाब पाहून काही देणगीदारांनी पृच्छा केली, की ज्यांनी रुग्ण तपासावयाचे, त्यांच्या संशोधनावर धर्मादाय निधी का खर्च व्हावा? प्रश्न रास्त आहे.

मेंदूच्या आजाराचा वा इजेचा स्मृती, भाषा, अवधान व विचारशक्ती यांवर काय परिणाम झाला, हे क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट चाचण्यांद्वारे मोजतात. स्कॅनमध्ये मेंदूची रचना दिसते. रुग्णाला निरोप लक्षात राहतो का, पैशांचा हिशेब जमतो का, हे स्कॅन सांगत नाही.

मात्र माप बरोबर हवे. १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली ३० गुणांची 'मिनी मेंटल स्टेट' चाचणी जगभर वापरली जाते. तीत १०० मधून ७ वजा करीत जाणे, वाक्य लिहिणे, छापील सूचना वाचून तसे करणे, दोन पंचकोनांची आकृती उतरविणे अशा बाबी आहेत. ज्या आजींनी कधी पेन्सिल धरली नाही, त्यांचे गुण स्मृती शाबूत असतानाही जातात आणि त्यांच्या माथी स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसू शकतो. मग घरचे व्यवहार त्यांच्या हातून काढून घेतले जातात, नको ती औषधे सुरू होतात. याउलट, उच्चशिक्षित रुग्णाचे गुण चांगले येऊन सुरू झालेला ऱ्हास झाकलाही जातो.

१९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ परिसरात भारतीय व अमेरिकी संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप सिद्ध केले. सूचना वाचण्याऐवजी तपासनिसाकडे पाहून तसेच डोळे मिटावयाचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे. हे केवळ भाषांतर नव्हे, मापच नव्याने पारखणे होय. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भारतीय भाषांतील चाचणीसंच तयार करविला. त्याच्या पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम होत्या, मराठी नव्हती.

आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हांस हे ताळेबंदावरून उमगले. शेजारी मागील वर्षाचे आकडे नसतील, तर या वर्षाच्या आकड्याचा अर्थ लागत नाही. त्याचप्रमाणे रुग्णाचे गुण त्याच वयाच्या, तितक्याच शिक्षणाच्या, तीच भाषा बोलणाऱ्या निरोगी व्यक्तींच्या गुणांशी ताडावे लागतात. ते तुलनेचे आकडे आमच्या विभागात मराठी भाषकांकडून जमविले जात आहेत. काम संथ आहे. एकेका व्यक्तीसोबत निवांत बसावे लागते.

अध्यापनाचेही तसेच. प्रशिक्षणार्थी आधी नुसते निरीक्षण करतात, नंतर ज्येष्ठांच्या देखरेखीखाली चाचणी घेतात. उत्तर सुचवू नये, घाई करू नये, चुकीचे उत्तर कसे आले तेही टिपावे, हे पुस्तकातून येत नाही. सर्वांत अवघड धडा म्हणजे रुग्णाऐवजी उत्तर देणाऱ्या मुलाला वा सुनेला सौजन्याने थांबविणे!

नातेवाइकांस विनंती, की चाचणीस येताना रुग्णाचा चष्मा व श्रवणयंत्र सोबत आणावे आणि शिक्षण किती झाले ते नेमके सांगावे. तुलनेच्या आकड्यांसाठी निरोगी ज्येष्ठांची, विशेषतः शाळेत न गेलेल्यांची, आम्हांस गरज आहे. सहभाग ऐच्छिक असून संमती घेतली जाते. अक्षरओळख नसल्यास साक्षीदारासमक्ष अंगठा चालतो. नोंदीत नाव राहत नाही.