घोडेस्वारीचे क्लास आणि मुलांची सुरक्षितता: आरोप समोर आला तर आपण काय करायचं?



घोडा म्हटलं की आपल्याला माथेरानची फेरी आठवते, नाहीतर शाळेत वाचलेलं मराठ्यांचं घोडदळ. इथे अमेरिकेत मात्र हा रीतसर खेळ आहे आणि आपल्यातल्या काही घरांतली मुलंमुलीही तो शिकतात. खेळ छान आहे, मुलांना जबाबदारी शिकवतो. पण या खेळाने गेल्या काही वर्षांत एक कटू धडा घेतला आहे. तो प्रत्येक आईबाबांना माहीत असावा, म्हणून हा लेख.

काय घडलं?

एप्रिल २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कॅलिफोर्नियातले नामांकित प्रशिक्षक जिमी विल्यम्स यांच्याबद्दल बातमी छापली. फ्लिंट्रिज रायडिंग क्लबमध्ये त्यांनी अनेक वर्षं शिकवलं होतं. लहान वयात त्यांनी आपलं लैंगिक शोषण केलं, असं त्यांच्या अनेक विद्यार्थिनींनी सांगितलं. त्यांत ऑलिंपिकमध्ये दोनदा रौप्यपदक मिळवणाऱ्या अ‍ॅन कर्सिन्स्कीही होत्या. विल्यम्स १९९३ मध्येच वारले होते. देशाच्या घोडेस्वारी महासंघाच्या जीवनगौरव पुरस्काराला त्यांचं नाव होतं, ते या बातमीनंतर काढण्यात आलं.

पुढच्याच वर्षी आणखी मोठं नाव समोर आलं. जॉर्ज मॉरिस हे १९६० च्या रोम ऑलिंपिकचे रौप्यपदक विजेते. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकन संघाचे ते मार्गदर्शक होते. या खेळातले गुरूंचे गुरू म्हणा ना! ऑगस्ट २०१९ मध्ये 'यू. एस. सेंटर फॉर सेफस्पोर्ट' या संस्थेने अल्पवयीन व्यक्तीशी लैंगिक गैरवर्तन केल्याबद्दल त्यांना खेळातून कायमचं बाद केलं. प्रकरण सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचं होतं. मॉरिस यांनी आरोप नाकारले आणि दाद मागितली, पण नोव्हेंबर २०१९ मध्ये लवादाने बंदी कायम ठेवली. ही खेळातली कारवाई होती, फौजदारी शिक्षा नव्हे.

या काळात लोक कसे वागले, हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. मॉरिस यांच्या समर्थनासाठी फेसबुकवर गट उभा राहिला आणि हजारो लोक त्यात सामील झाले. "इतक्या वर्षांनी आत्ताच का?", "तेव्हाचा काळच वेगळा होता", "मला कधी असा अनुभव आला नाही", असे सूर निघाले. मंडळी, हे वाचणारी एखादी पंधरा वर्षांची मुलगी त्यातून काय शिकली असेल? 'आपण बोललो तर आपल्यालाही हेच ऐकावं लागेल', एवढंच!

तबेल्यात धोका जास्त का?

या खेळाची रचनाच तशी आहे. मुलं पहाटे तबेल्यावर जातात, स्पर्धांसाठी दूर जाऊन हॉटेलात राहतात. खर्च प्रचंड, म्हणून काही मुलं घोड्यांची देखभाल करून त्या बदल्यात शिकवणी घेतात. कोणता घोडा मिळणार, स्पर्धेत नाव जाणार की नाही, सगळं प्रशिक्षकाच्या हातात. आईवडिलांना खेळातलं फारसं कळत नाही आणि आपल्याकडे गुरूला प्रश्न विचारायची सवयही नाही. मूल बोललंच तर घोडा, मैत्रिणी, स्पर्धा सगळंच सुटेल या भीतीने गप्प राहतं.

नियम काय आहेत?

जिमनॅस्टिक्समधल्या लॅरी नासर प्रकरणानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये 'सेफस्पोर्ट' कायदा झाला. महासंघाच्या छत्राखाली मुलांसोबत काम करणाऱ्या प्रौढांना बाल लैंगिक शोषणाचा संशय आल्यास २४ तासांत कळवणं बंधनकारक झालं. घोडेस्वारी महासंघाचे आणखी नियम असे:

- प्रौढ व्यक्ती आणि मूल एकटे असले, तर ते इतरांना दिसेल आणि मध्येच कोणीही येऊ शकेल अशा जागी.
- प्रशिक्षकाने मुलाला खेळाबद्दल मेसेज पाठवला, तर त्यात पालक किंवा दुसऱ्या प्रौढाचाही समावेश हवा.
- तक्रार करणाऱ्यावर सूड उगवणं हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो.

पण एक मेख आहे. हे नियम महासंघाशी संबंधित लोकांनाच लागू होतात. घराजवळचा छोटा तबेला त्यात असेलच असं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये घोडेस्वारी शिकवायला परवाना लागतो, पण बहुतेक राज्यांत तसं काही नाही. म्हणून नाव घालण्यापूर्वी विचारा: तुम्ही महासंघाचे सदस्य आहात का? सेफस्पोर्टचं प्रशिक्षण झालं आहे का? पालकांनी केव्हाही येऊन बसलं तर चालेल का? कारवाई झालेल्यांची यादी सेफस्पोर्टच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे, तीही पाहा.

मूल काही बोललं तर

१. शांतपणे ऐका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी यात काही चूक नाही", एवढं म्हणा.

२. खोदून खोदून विचारू नका. पुन्हा पुन्हा सांगायला लावलं तर मुलाला त्रास होतो आणि पुढे तपासातही अडचण येते. मूल बोललं ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा.

३. "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही.

४. प्रशिक्षकाला जाब विचारायला जाऊ नका. तो सावध होतो, पुरावे नाहीसे होतात. मेसेज, फोटो जपून ठेवा.

५. पोलिसांना किंवा राज्याच्या बालसंरक्षण खात्याला कळवा. तातडीचा धोका असेल तर ९११. सल्ला हवा असेल तर चाइल्डहेल्पचा क्रमांक ८००-४२२-४४५३. महासंघाशी संबंधित व्यक्ती असेल तर सेफस्पोर्टलाही कळवा: ८३३-५८७-७२३३.

आणि आरोप खोटा असला तर?

हा प्रश्न रास्त आहे. आरोप म्हणजे निकाल नव्हे. सेफस्पोर्ट दोन्ही बाजू ऐकतं, दाद मागण्याची सोय आहे आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते. चौकशीला फार वेळ लागतो, अशी टीका या संस्थेवर दोन्ही बाजूंनी झाली आहे. पण खरं-खोटं ठरवणं हे तपास करणाऱ्यांचं काम आहे, आपलं नाही. आपलं काम मुलाला सुरक्षित ठेवणं, योग्य ठिकाणी कळवणं आणि पॉटलकच्या टेबलावर नावांची चर्चा न करणं. तिथे निघालेला "तो माणूस तसा नाही हो" हा एक उद्गारही पलीकडे बसलेल्या मुलाचं तोंड बंद करायला पुरतो.

शेवटी एक विनंती. ही गोष्ट फक्त घोड्यांच्या तबेल्याची नाही. आपल्या गणेशोत्सवाच्या नाटकाच्या तालमी, मराठी शाळा, नाच-गाण्याचे क्लास इथेही मुलं मोठ्यांच्या भरवशावर असतात. मुलासोबत प्रौढ एकटा नको, दार उघडं असावं, मेसेज पालकांनाही जावा. हे तीन नियम पाळायला पैसा लागत नाही. कोणावर अविश्वास म्हणून नव्हे, सगळ्यांसाठी सारखे म्हणून पाळूया. आज जेवताना मुलांना एवढंच सांगा: "कोणाहीबद्दल, अगदी आपल्या घरातल्या कोणाबद्दलही, काही वाटलं तर आम्हाला सांग. आम्ही आधी तुझं ऐकू."