सभासदांच्या मालकीचा फुटबॉल क्लब



ऊस-साखरेच्या अंकात फुटबॉल कशाला, असे कोणी म्हणेल. पण ही हकिगत खेळाची कमी आणि सभासदांच्या मालकीची जास्त आहे, म्हणून आम्ही ती मुद्दाम देत आहोत.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात एक्झेटर हे शहर आहे. तिथला 'एक्झेटर सिटी' हा जुना क्लब. तिकडे क्लब म्हणजे कंपनीच. खेळाडूंना पगार, सामन्याला तिकीट. वरच्या लीगचे चार वर्ग असतात. २००३ साली हा क्लब चौथ्या वर्गातूनही घसरून लीगबाहेर गेला. वर कर्जाचा डोंगर. तेव्हा क्लबच्या पाठीराख्यांनी स्थापलेल्या संस्थेने ताबा घेतला. संस्था तिकडच्या सहकारी धर्तीच्या कायद्याखाली नोंदलेली. वर्गणी कितीही भरा, सभासदाला मत एकच. हे तत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको.

मालकी आली, पण पैसा कुठला आणायचा? एकदा नशिबाने हात दिला. जानेवारी २००५ मध्ये एफ. ए. कपच्या सामन्यात त्यांनी बलाढ्य मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ०-० असे रोखले. घरचा फेरसामना हरले, पण दोन्ही सामन्यांच्या उत्पन्नातून कर्जफेडीला मोठा हातभार लागला. मात्र नशिबावर दरसाल संसार चालत नाही.

लहान क्लबाला तिकिटाचे उत्पन्न बेताचे आणि टेलिव्हिजनचा खरा पैसा वरच्या वर्गाला. मग हुकमी पीक कोणते? तर खेळाडू. खेळाडू विकणे म्हणजे माणूस विकणे नव्हे. खेळाडूचा क्लबाशी काही वर्षांचा करार असतो. मुदतीआधी दुसऱ्या क्लबाला तो हवा असेल, तर त्याने मोबदला मोजायचा. मुदत भरपूर शिल्लक असली की भाव चांगला. मुदत संपत आली की भाव उतरतो. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, त्यातलाच प्रकार.

तयार खेळाडू महागड्या भावाने घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून एक्झेटरने घरचा बेणेमळा धरला. परिसरातली पोरे लहानपणीच हेरायची, शिकवायची आणि वेळ आली की मोठ्या संघात उतरवायची. जानेवारी २०१५ मध्ये मॅट ग्राइम्स हा तरुण स्वान्सीकडे सुमारे साडेसतरा लाख पौंडांना गेला. २०१७ मध्ये ऑली वॉटकिन्स लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबाकडे गेला, रक्कम सुमारे अठरा लाख पौंड सांगितली गेली. पण खरी हुशारी पुढेच आहे. ब्रेंटफर्डने त्याला पुढे विकला तर त्यात आमचा हिस्सा, असे कलम एक्झेटरने करारात घातले होते. २०२० मध्ये वॉटकिन्स ॲस्टन व्हिलाकडे सुमारे दोन कोटी ऐंशी लाख पौंडांना गेला, आणि एक्झेटरच्या पदरात जणू दुसरा हप्ता पडला! पहिल्या उचलीवर समाधान मानले असते तर तो बुडाला असता.

ब्रेंटफर्डची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. २००६ मध्ये त्यांचाही मोठा हिस्सा पाठीराख्यांच्या संस्थेकडे आला होता. २०१२ मध्ये तो त्यांनी मॅथ्यू बेनम या धनिक पाठीराख्याला दिला. मैदान परस्पर विकले जाऊ नये म्हणून एक खास शेअर मात्र स्वतःकडे राखला. बेनमने आकडेमोडीच्या जोरावर स्वस्तातले गुणी खेळाडू हेरले, घडवले, विकले. २०२१ मध्ये क्लब ७४ वर्षांनी सर्वांत वरच्या वर्गात पोहोचला.

मग बरा मार्ग कोणता? सरळच सांगतो. धनिकाची मालकी असली की तूट त्याच्या खिशातून भरता येते, चाल वेगाने होते. एक्झेटर २००८ मध्ये लीगमध्ये परतला, पुढच्याच वर्षी तिसऱ्या वर्गात चढला, २०१२ मध्ये पुन्हा खाली आला. २०१७, २०१८ आणि २०२० अशा तीन साली बढतीच्या अखेरच्या सामन्यात हरला. २०२२ मध्ये कुठे परत वर चढला. सभासदांना धीर धरावा लागला. पण या सगळ्या काळात क्लब कोणा एकाच्या मर्जीवर नव्हता.

दोन्ही क्लबांत एक गोष्ट समान आहे. विक्रीचा पैसा खेळातच परत गेला. एखाद्या साली चांगला भाव आला म्हणून पगारच वाढवून ठेवले, तर पुढच्या साली विकायला खेळाडू नसतो आणि वाढलेला खर्च मात्र तसाच उभा राहतो. लहान क्लब बुडतात ते बहुधा असेच.

तेव्हा मंडळी, पैसा आला किती एवढेच न विचारता, त्यातले बेण्याला किती गेले हेही सभासदाने विचारावे. एक्झेटरला एका मताचा सभासद हा प्रश्न सभेत उभे राहून विचारू शकत होता. आपल्याकडेही वार्षिक सभेचा अहवाल त्यासाठीच घरपोच येतो. तो वाचून यावे, एवढीच विनंती.