घर बांधून घेणाऱ्याची जबाबदारी



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तीत बांधून घेणाऱ्याचे हाल आहेत. परांचीवर उभे राहून बांधणाऱ्याचे नाहीत. आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण बांधकाम मजुरांच्या संघटनेत, कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर व रुग्णालयांच्या व्हरांड्यांत झाले. नवे घर बांधताना किंवा जुने दुरुस्त करताना कायदा मालकाकडून काय मागतो, आणि कायदा जेथे थांबतो तेथे मालकाने काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम परवानगीचा विषय घेऊ. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ अन्वये नगरपालिका, महानगरपालिका अथवा जे नियोजन प्राधिकरण असेल त्याच्या लेखी परवानगीवाचून बांधकाम करता येत नाही. मुंबई शहराची नियमावली वेगळी आहे. राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली लागू झाली. क्रम साधा आहे. परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता यांच्या सहीचा नकाशा दाखल करावयाचा. प्रारंभ प्रमाणपत्र हाती आल्यावरच कुदळ मारावयाची. काम जोत्यापर्यंत आले की त्याची तपासणी व्हावयाची. आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घेऊन मगच राहावयास जावयाचे. ही परवानगी एक वर्षापुरती असते व पुढे वर्षावर्षाने वाढवून घ्यावी लागते. विनापरवाना बांधकामाला एक महिना ते तीन वर्षे कैदेची शिक्षा कायद्यात आहे, आणि बांधलेले पाडून टाकण्याची नोटीस येते ती निराळीच.

दुरुस्तीच्या बाबतीत लोकांचा घोटाळा होतो. रंग, गिलावा, फरशी बदलणे यांना परवानगी लागत नाही. पण खांब, तुळई किंवा भार पेलणारी भिंत यांना हात लावला की ते काम दुरुस्तीचे राहत नाही. सदनिकेत राहणाऱ्याने हे अधिक लक्षात ठेवावे, कारण त्याच्या दिवाणखान्यातला खांब वरच्या चार घरांचाही असतो. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत सकाळच्या वेळी कोसळली आणि १७ माणसे गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते व त्यात खांबांना धक्का लावला गेला, असा आरोप रहिवाशांनी केला होता. म्हणून भिंत फोडण्यापूर्वी संरचना अभियंत्याचे लेखी मत आणि सोसायटीची परवानगी ही दोन्ही घ्यावीत. गवंडी कितीही जुना असला तरी त्याच्या अंदाजावर हे काम सोडू नये.

आता आमच्या मूळ विषयाकडे येतो. काही वर्षांमागे एका गावात एका सज्जन गृहस्थांच्या घरावर दुसरा मजला चढत होता. नकाशा मंजूर होता, शुल्क भरलेले होते, कागद एकूण एक जागच्या जागी होते. परांची मात्र जुन्या बांबूंची, सुंभाने बांधलेली, आणि तिला कठडा नव्हता. आमचा एक बिगारी घमेले घेऊन तिच्यावरून पडला व कमरेतून कायमचा अधू झाला. आम्ही मालकांकडे गेलो. ते मनापासून हळहळले, पण म्हणाले, “अहो, माणसे ठेकेदाराची. आमचा काय संबंध?” ठेकेदार म्हणाला, “माणसे मुकादमाने नाक्यावरून आणली.” मुकादम गाव सोडून गेला होता.

मालकांचे बोलणे कायद्याला सोडून होते असेही नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दहांपेक्षा कमी मजुरांचे काम वगळले होते, तसेच स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेले दहा लाख रुपयांपर्यंतचे घर वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी श्रमसंहिता आली. तीत दहा मजुरांची अट राहिली आणि घराची मर्यादा ५० लाखांवर गेली. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांची घरे या सुरक्षा कायद्याच्या कुंपणाबाहेर उभी राहतात. लहान मालकाला कचेऱ्यांचे हेलपाटे नकोत, हा त्यामागचा विचार आम्हांला समजतो. परंतु पन्नास लाखांच्या घरावरून पडणाऱ्याचे हाड पन्नास कोटींच्या इमारतीवरून पडणाऱ्याइतकेच मोडते. आणि संहितेने वगळले म्हणून मालक सर्वस्वी मोकळा होतो, असेही नाही. इमारत बांधताना, पाडताना किंवा दुरुस्त करताना ती अंगावर पडू नये याची पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्यायसंहितेच्या कलम २९० खाली गुन्हा आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास कलम १०६ आहे.

मग मालकाने काय करावे? ठेकेदाराशी करार लेखी करावा आणि त्यात परांची, कठडा, शिरस्त्राण, कमरपट्टा यांचा खर्च वेगळा लिहावा. वेगळा लिहिला नाही तर ठेकेदार पहिली काटकसर तेथेच करतो. मजुरांचा अपघात विमा आहे काय, हे कागद पाहून ठरवावे. पाया छातीएवढा खोल गेला की बाजूंना फळ्यांचा आधार द्यावा व काढलेली माती कडेला रचू देऊ नये. स्लॅबखालचे टेकू काढण्याची घाई ठेकेदाराला असते, कारण तेच सामान त्याला दुसऱ्या कामावर न्यावयाचे असते. मानकाप्रमाणे ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखाली टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखाली १४ दिवस राहिले पाहिजेत. ६ मीटरपर्यंतच्या तुळईखाली १४ व पुढे २१ दिवस. ही तारीख मालकाने स्वतःच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

विजेचे तसेच आहे. उघड्या वायरी काडीने खोचून यंत्र चालवू देऊ नये. वीज गळताच प्रवाह तोडणारी कळ तात्पुरत्या जोडणीवरही बसवावी. घराजवळून तारा जात असतील तर वीज कंपनीला आधी कळवावे. सळई वर चढवताना तारेला लागून माणसे गेल्याचे आम्ही पाहिले आहे. जुन्या घराची सेप्टिक टाकी साफ करण्यासाठी संरक्षक साधनांशिवाय कोणालाही आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो काम सांगणाऱ्या मालकालाही लागू आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तेथे उपसा करणारी गाडीच बोलवावी.

शेवटची गोष्ट फुकटची आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वर्षांच्या मजुराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होऊ शकते. अडते ते बहुधा दिवसांच्या दाखल्यावर. तेव्हा हजेरीची वही ठेवा, तीत प्रत्येकाचे नाव लिहा आणि काम संपताना ठेकेदाराकडून ज्याला त्याला दाखला देववा. आमच्या त्या बिगाऱ्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते. तो कामावर होता हेच सिद्ध करण्यात आमचे दीड वर्ष गेले.

वास्तुशांतीला आपण गवंड्याला टोपी-उपरणे देतो. ती रीत चांगली आहे, ती चालू राहो. पण त्या दिवशी पंगतीला बसणाऱ्यांत कामावर आलेला प्रत्येक माणूस धडधाकट असावा, एवढे मात्र पायाभरणीच्या दिवशीच ठरवावे लागते.