म्योडलारॉइट : ओढ्याकाठचे एक गाव

"सीमा म्हणजे काय?" गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी हा प्रश्न विचारला. विषय चालला होता आंतरराष्ट्रीय व्यापाराचा. कुणी म्हणाले, नकाशावरची रेघ. कुणी म्हणाले, तारेचे कुंपण. मागच्या बाकावरून उत्तर आले, जकात नाका. सर हसले आणि म्हणाले, "या तिन्ही गोष्टी निराळ्या आहेत. त्या एकच मानल्या की घोटाळा होतो. जर्मनीत म्योडलारॉइट नावाचे एक खेडे आहे. त्याची माहिती मिळवा, म्हणजे फरक आपोआप कळेल." तास संपला, परीक्षाही झाली, पण ते जिभेला अडखळवणारे नाव डोक्यातून गेले नाही. त्या खेड्याविषयी जे वाचनात आले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

म्योडलारॉइट हे गाव इतके लहान की त्याची लोकसंख्या पन्नासच्या आसपास भरते. आपल्याकडे याला गाव न म्हणता वाडी म्हणतील. गावातून टानबाख नावाचा एक ओढा वाहतो. 'बाख' म्हणजेच ओढा. तो इतका अरुंद आहे की धडधाकट माणूस उडी मारून सहज पलीकडे जाईल. या ओढ्याच्या एका काठाची घरे बव्हेरिया राज्यात असून ती ट्योपेन या ग्रामपंचायतीत मोडतात. दुसऱ्या काठाची घरे थुरिंगिया राज्यात, गेफेल या छोट्या शहराच्या हद्दीत येतात. एका गावाचे असे दोन तुकडे कसे झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

टानबाख हा ओढा हद्द म्हणून शेकडो वर्षांपासून ओळखला जातो. १८१० साली त्याच्या काठाने हद्दीचे दगड बसवण्यात आले. एका बाजूला बव्हेरियाचे राज्य होते आणि दुसऱ्या बाजूला रॉइस नावाचे एक छोटे संस्थान. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील राजेशाही संपली आणि १९२० साली रॉइसचा मुलूख नव्या थुरिंगिया राज्यात सामील झाला. म्हणजे ओढ्याच्या दोन्ही काठांवर सरकारे बदलली, परंतु हद्द जिथे होती तिथेच राहिली.

या हद्दीमुळे गावकऱ्यांचे काय बिघडले? काहीही नाही. शाळा थुरिंगियाच्या काठावर होती. दोन्हीकडची मुले तिथेच एकत्र शिकत. संध्याकाळी बसायचे गावचे पान, म्हणजे खानावळवजा मद्यालय, तेही त्याच काठावर. चर्च मात्र बव्हेरियाकडील ट्योपेनला, तेव्हा रविवारी सगळे तिकडे जात. मुली या काठावरून त्या काठावर नांदायला जात. कर दोन ठिकाणी भरायचे आणि जगायचे मात्र एकाच गावात, अशी ही व्यवस्था होती. ती पिढ्यान् पिढ्या सुरळीत चालली.

मग दुसरे महायुद्ध झाले. १९४५ साली जर्मनीचा पराभव झाला आणि विजेत्या राष्ट्रांनी देशाचे चार विभाग केले. बव्हेरिया अमेरिकेकडे गेला, थुरिंगिया रशियाकडे. विभागांच्या सीमा ठरवताना बहुतेक ठिकाणी जुन्याच राज्यांच्या हद्दी घेतल्या गेल्या. लंडनमध्ये टेबलाभोवती बसून नकाशा पाहणाऱ्यांना त्या रेघेखाली कुणाचे अंगण येते आणि कुणाचा गोठा येतो, हे दिसण्याचा प्रश्नच नव्हता. अशा रीतीने हा क्षुल्लक ओढा जगातील दोन महासत्तांच्या मधली सीमा होऊन बसला.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी वाटते. भिंत फार नंतर आली. त्याआधी आले वेगळे चलन. जून १९४८ मध्ये पश्चिमेकडील तीन विभागांत नवा डॉइच मार्क सुरू झाला. काही दिवसांतच रशियन विभागानेही आपले निराळे चलन काढले. शाळेतल्या एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या खिशात आता दोन प्रकारची नाणी आली. व्यवहार तुटतो तो आधी पैशात, आणि मग पायवाटेवर, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१९४९ साली पश्चिम जर्मनी आणि पूर्व जर्मनी अशी दोन स्वतंत्र राष्ट्रे अस्तित्वात आली. तरीही परवाना दाखवून ओढा ओलांडता येत असे. खरा घाव बसला तो १९५२ च्या मे महिन्यात. पूर्व जर्मन सरकारने २६ मे रोजी एक आदेश काढला. त्यानुसार सीमेलगत दहा मीटर रुंदीचा नांगरलेला पट्टा ठेवायचा होता. त्यावर पाऊल पडले तर ठसा उमटावा, हा हेतू. त्यामागे पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा आणि त्यामागे पाच किलोमीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र. पूर्वेकडील म्योडलारॉइट सगळेच्या सगळे त्या पाचशे मीटरांच्या आत येत होते. तिथे राहण्यासाठी ओळखपत्रावर खास शिक्का लागे. रात्री घराबाहेर पडण्यास मनाई होती. परगावच्या नातेवाइकाला सणाला बोलवायचे तरी आधी परवानगी काढावी लागे.

त्याच सुमारास सीमेजवळ राहणाऱ्या 'अविश्वासू' लोकांना हलवण्याची मोहीम सुरू झाली. आठ हजारांहून अधिक लोकांना थोडेफार सामान घेऊन घरे सोडायला लावून देशाच्या आतील भागात पाठवण्यात आले. या मोहिमेचे सरकारी गुप्त नाव होते 'उंगेत्सीफर'. त्याचा अर्थ किडे-कीटक, घाण करणारे जीव. माणसांना हलवताना सरकारला हेच नाव सुचावे, यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही. १९६१ साली अशीच दुसरी मोहीम झाली आणि आणखी तीन हजारांवर लोक विस्थापित झाले. म्योडलारॉइटमध्ये ओढ्याला अगदी चिकटून असलेली गिरणीही पुढे पाडून टाकण्यात आली.

गावातील अडथळा एका रात्रीत उभा राहिला नाही. प्रथम फळ्यांचे कुंपण आले, मग काटेरी तार, मग आणखी पक्के कुंपण; आणि शेवटी १९६६ साली सुमारे सातशे मीटर लांब आणि ३.३ मीटर उंच अशी काँक्रीटची भिंत. तिच्यावर रात्रभर दिव्यांचा झोत असे, शेजारी टेहळणीचा मनोरा. पलीकडून पाहणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी गावाला 'लिटल बर्लिन' हे नाव दिले. बर्लिनची भिंत लक्षावधी लोकांच्या राजधानीत होती, तर ही पन्नास माणसांच्या वस्तीत.

तेथील एक नियम वाचताना मन थबकते. पूर्वेच्या गावकऱ्यांना पलीकडच्यांना हाक मारण्याची, नमस्कार करण्याची, इतकेच काय, हात हलवण्याचीही बंदी होती. पश्चिमेचे लोक हात हलवू शकत, पण उत्तर येत नसे. पलीकडे उभा असलेला माणूस सख्खा नातेवाईक असला तरी त्याने आपल्याकडे पाहिले न पाहिल्यासारखे करून आत जायचे. १९७२ साली दोन्ही जर्मन राष्ट्रांत करार झाल्यानंतर पश्चिमेच्या सीमाभागातील लोकांना एका दिवसासाठी पूर्वेत जाण्याची सवलत मिळाली. परंतु संरक्षित पट्टा त्यातून वगळलेला होता. त्यामुळे पश्चिमेच्या म्योडलारॉइटमधील माणूस दूरवरच्या नाक्यावरून वळसा घालून पूर्व जर्मनीत जाऊ शके; पण हाकेच्या अंतरावरच्या समोरच्या घरात जाऊ शकत नसे.

या भिंतीची किंमत केवळ भावनांतच मोजायची असे नाही. पलीकडे १९६० पर्यंत शेतजमिनी सामुदायिक शेती संस्थांत एकत्र करण्यात आल्या, बांध नाहीसे झाले आणि मोठमोठी शेते तयार झाली. अलीकडे कौटुंबिक शेतीच चालू राहिली. जवळचे होफ हे कापडउद्योगाचे शहर; त्याचा पूर्वापार व्यापार थुरिंगिया आणि सॅक्सनीशी. तो तुटला. एके काळी देशाच्या मध्यावर असलेला प्रदेश आता रस्ता संपतो त्या टोकाला जाऊन पडला. अशा भागातून कारखानदार आणि तरुण दोघेही निघून जातात. ते थांबावे म्हणून पश्चिम जर्मनीने १९७१ साली खास कायदा केला आणि सीमेलगतच्या सुमारे चाळीस किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातील उद्योगांना घसाऱ्यात जादा सूट, कर्जे आणि मालवाहतुकीला अनुदान दिले. 'घसारा' हा आमच्या जमाखर्चाच्या पुस्तकातील रुक्ष शब्द. एखाद्या प्रदेशाला जिवंत ठेवण्यासाठीही तो वापरला जातो, हे मला येथे प्रथम कळले.

दरम्यान लोक पळून जाण्याचे प्रयत्न करीतच होते. १९७३ साली म्योडलारॉइटमध्येच एका वाहनचालकाने गाडी भिंतीपाशी नेली, शिडी लावली आणि तो पलीकडे उतरला. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये दोन कुटुंबांतील आठ माणसे घरी शिवलेल्या गरम हवेच्या फुग्यातून रात्री थुरिंगियातून निघाली आणि होफजवळच्या नायला गावाशी उतरली. १९८३ साली अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश म्योडलारॉइटची भिंत पाहून गेले. पाहुणे येत, छायाचित्रे निघत. गावकरी मात्र आपापल्या काठावरच राहत.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत खुली झाली. सगळ्या जगाने ते दृश्य दूरदर्शनवर पाहिले. म्योडलारॉइटची भिंत मात्र तशीच उभी होती. बरोबर एका महिन्याने, ९ डिसेंबरला, तिच्यात पायी जाण्यापुरती वाट उघडली. सदतीस वर्षांनंतर लोक सरळ शेजाऱ्याच्या दाराशी गेले. १७ जून १९९० रोजी बुलडोझर आला आणि भिंत पाडू लागला. सुमारे शंभर मीटरचा भाग मुद्दाम राखून ठेवला. तो आज तेथील संग्रहालयाचा भाग आहे. पुढच्याच महिन्यात, १ जुलैला, दोन्ही काठांवर एकच चलन आले. पुन्हा पाहा, पैसा आधी एक झाला. राष्ट्रे एक झाली ती त्यानंतर, ३ ऑक्टोबर १९९० रोजी.

येथे गोष्ट संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात शोभली असती. पण सरांनी हे गाव का सांगितले, ते यापुढे उमगते. भिंत गेली, सीमा गेली नाही! जर्मनी हे संघराज्य आहे आणि टानबाख आजही बव्हेरिया व थुरिंगिया यांची हद्द आहे. आजही गावाला दोन पिनकोड आहेत, टेलिफोनचे दोन क्रमांक-संकेत आहेत, मोटारींच्या पाट्यांवर दोन जिल्ह्यांची अक्षरे आहेत. एका काठाच्या लोकांचा महापौर ट्योपेनला, दुसऱ्यांचा गेफेलला. मुलांच्या शाळा वेगळ्या, त्यांच्या सुट्ट्याही वेगळ्या. ६ जानेवारीचा सण बव्हेरियात सार्वजनिक सुट्टीचा, थुरिंगियात नाही. उलट ३१ ऑक्टोबरला थुरिंगियात सुट्टी आणि बव्हेरियात कामाचा दिवस. भेटल्यावर एका बाजूचे लोक 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, तर दुसऱ्या बाजूचे 'गुटेन टाग'. पण भेटतात! आणि कोणत्याही शब्दांत का होईना, नमस्काराला उत्तर मिळते.

म्हणजे १८१० चे दगड आणि १९६६ ची भिंत, दोन्ही त्याच ओढ्याच्या काठी. तरी एकाने कुणाचे काही बिघडवले नाही आणि दुसरीने दोन पिढ्यांची आयुष्ये अडवली. रेघ ही कारभाराच्या सोयीसाठी असते. कुठला कर कुठे भरायचा, कुठल्या कचेरीत दाखला मागायचा, हे ती सांगते. भिंत निराळी असते. ती रेघेतून उगवत नाही, तिच्यासाठी कुणाला तरी हुकूम काढावा लागतो. आणि हुकूम काढणाऱ्याला हात हलवणाऱ्या माणसाचीही भीती वाटत असावी लागते.

आपले मासिक मराठी आणि कन्नड अशा दोन विभागांत निघते. बेळगावहून चंदगडकडे जाणाऱ्या बसमध्ये आपण राज्याची हद्द कधी ओलांडली, हे रस्त्याकडेच्या फलकावरूनच समजते. त्या हद्दीविषयीचे वाद हा या लेखाचा विषय नव्हे. मला सांगायचे आहे ते इतकेच, की मासिकाचा अंक हातात आला की बहुतेक विद्यार्थी आपला विभाग वाचून तो मिटून ठेवतात. मीही दोन वर्षे तेच केले. या वर्षी मात्र कन्नड विभाग पहिल्या पानापासून वाचायचा असे ठरवले आहे. मध्ये एक कोरे पान आहे, तेवढेच. ते ओलांडायला परवाना लागत नाही.