मागच्या पट्टीवरचे दोन स्क्रू

अमेरिकेतल्या माल्डन गावच्या नॅशनल कंपनीने १९३५ साली ‘एचआरओ’ हा रेडिओ रिसीव्हर बाजारात आणला. काळा पोलादी डबा, मधोमध मोठी गोल तबकडी, खाली खणासारखी ओढून काढायची कॉइलची पेटी आणि वीजपुरवठ्याचा डबा वेगळा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या संदेश टिपणाऱ्या केंद्रांवर हे यंत्र रात्रंदिवस चाले. त्याच्या दर्शनी पट्टीवर ‘बी प्लस’चा एक छोटा खटका होता. तो बंद केला की व्हॉल्व्हच्या प्लेटांना जाणारा सुमारे अडीचशे व्होल्टचा पुरवठा तुटे, फिलामेंट मात्र तापलेलीच राहत. पुन्हा ऐकायचं तर व्हॉल्व्ह तापायची वाट पाहावी लागत नसे.

घरी गाणी ऐकणाऱ्याला असल्या खटक्याचा काही उपयोग नव्हता. तो होता शेजारी ट्रान्समीटर घेऊन बसलेल्या माणसासाठी. त्या काळच्या हॅमच्या (हौशी रेडिओवाल्याच्या) टेबलावर बोलायचं यंत्र वेगळं आणि ऐकायचं वेगळं असे, बहुतेकदा दोन निरनिराळ्या कंपन्यांचं. कित्येकदा ट्रान्समीटर घरीच जुळवलेला. अमेरिकेत १९५१ साली नवशिक्यांसाठी नॉव्हिस परवाना सुरू झाला, त्यात ७५ वॉटची मर्यादा होती. एवढी शक्तीसुद्धा शेजारच्या रिसीव्हरला भारी पडे.

का, ते आकड्यांतून कळतं. ५० ओहमच्या केबलमध्ये ५० वॉट सोडले की तिच्यावर ५० व्होल्ट उभे राहतात. दूरच्या स्टेशनाचा क्षीण सिग्नल त्याच केबलवर एखादा मायक्रोव्होल्ट भरतो. फरक पाच कोटी पटींचा! एवढा जोर थेट आत शिरला तर अँटेनाची कॉइल जळू शकते. म्हणून पहिलं काम चेंजओव्हर रिलेचं: बोलताना अँटेना ट्रान्समीटरला जोडायची आणि रिसीव्हरचं टोक जमिनीला टेकवायचं.

पण एवढ्याने भागत नाही. दोन डबे हातभर अंतरावर असले की लहरी वायरींतून, मेनमधून, नुसत्या हवेतूनही झिरपतात. स्पीकर किंचाळतो, माइक चालू असेल तर तोच आवाज पुन्हा हवेत जातो. शिवाय आपोआप आवाज सांभाळणाऱ्या एजीसीचे कपॅसिटर त्या दणक्याने भरून जातात. बोलणं संपवून ऐकायला जावं तर रिसीव्हर क्षणभर बहिराच, आणि नेमकं तेवढ्यात समोरच्याचं पहिलं अक्षर निसटतं.

म्हणून बोलताना रिसीव्हर गप्प करायला जुन्या कम्युनिकेशन रिसीव्हरांच्या मागे रिलेच्या वायरी जोडायला दोन स्क्रू दिलेले असत. बाहेरून सगळे सारखेच दिसत. आत मात्र प्रत्येक कंपनीची तऱ्हा न्यारी.

सर्वांत सोपी तऱ्हा एचटी (प्लेटांचा उच्च व्होल्टेजचा पुरवठा) तोडण्याची, म्हणजे एचआरओच्या खटक्याचंच काम रिलेकडून करून घ्यायचं. तिचे तोटे दोन. एक, रिसीव्हरचा ऑसिलेटरही थांबतो आणि परत सुरू होताना जागेवरून थोडा सरकतो. मोर्सचा सूर बदलतो, एसएसबीवरचं (सिंगल साइडबँडवरचं) बोलणं घोगरं किंवा चिरकं होतं. दुसरा तोटा फिल्टरनंतर पुरवठा तोडणाऱ्या सेटांचा. ३०० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवरचा कपॅसिटर भार सुटताच ४२४ व्होल्टांपर्यंत चढतो. सत्तर वर्षांच्या जुन्या कपॅसिटरला हे झेपेलच असं नाही.

जाणकारांची आवडती तऱ्हा कॅथोडची. सिग्नल वाढवणाऱ्या आरएफ आणि आयएफ व्हॉल्व्हचे कॅथोड ज्या वाटेने जमिनीला मिळतात, त्याच वाटेवर आरएफ गेनचं बटण असतं. तिथे रिलेने मोठा रेझिस्टर मध्ये घातला की कॅथोडचं व्होल्टेज वर जातं, ग्रिड त्या मानाने ऋण होते आणि व्हॉल्व्हची वाढवण्याची ताकद आटते. ६एसके७सारखा व्हॉल्व्ह उणे ३५ व्होल्टांच्या आसपास जवळपास निपचित पडतो. ऑसिलेटरला मात्र कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे सूर ढळत नाही. आणखी एक सोय म्हणजे रेझिस्टरच्या जागी पोटेन्शिओमीटर लावला तर रिसीव्हर किती दाबायचा हे आपल्या हातात राहतं. झिरपून आलेला स्वतःचाच सिग्नल मग हलक्या सुरात ऐकू येतो. मोर्स की मारणाऱ्याला हे हवंच असतं, नाहीतर आपला हात अडखळला हे त्याला कळणार कसं?

काही जण नुसत्या स्पीकरची वायर तोडून मोकळे होतात. ते धोक्याचं आहे. व्हॉल्व्हच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरचा भार भर आवाजात सुटला तर प्रायमरीवर व्होल्टेजचे झटके बसून तो जळू शकतो. स्पीकर तोडायचाच असेल तर त्याच्या जागी रेझिस्टर यायला हवा.

कुठलीही तऱ्हा घ्या, क्रम चुकवून चालत नाही. आधी रिसीव्हर गप्प, मग अँटेनाची अदलाबदल, शेवटी ट्रान्समीटरची शक्ती. सोडताना याच्या बरोबर उलट. वीस शब्दांच्या वेगाने मोर्स पाठवताना एक डॉट ६० मिलिसेकंदांचा असतो. त्यातले दहा-पंधरा मिलिसेकंद रिलेच्या पात्यानेच खाल्ले की डॉट तोकडा पडतो.

सीडर रॅपिड्सच्या कॉलिन्स कंपनीने १९५७ साली केडब्ल्यूएम-१ हा ट्रान्सीव्हर काढला. बोलणं आणि ऐकणं एकाच डब्यात आलं, गप्प करायची व्यवस्थाही कारखान्यातूनच जुळून येऊ लागली. पुढे बहुतेकांनी हीच वाट धरली आणि मागचे स्क्रू विस्मरणात गेले.

आता जुन्या रिसीव्हरचे शौकीन त्याला आजचा ट्रान्समीटर जोडू पाहतात, तेव्हा ते स्क्रू पुन्हा समोर येतात. नव्या यंत्राच्या मागच्या कंट्रोल जॅकमध्ये बहुधा एखादा ट्रान्झिस्टर असतो आणि जुन्या स्क्रूंवर अडीचशे व्होल्ट असू शकतात. थेट जोडलं की ट्रान्झिस्टर गेलाच. म्हणून मध्ये १२ व्होल्टची छोटी रिले आणि तिच्या कॉइलवर उलटा डायोड लावतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे दोन्ही सहज मिळतं. रिलेचे संपर्क मात्र तेवढ्या डीसी व्होल्टेजला पुरतील असे पाहून घ्यावे लागतात.

त्यातही हॅलिक्राफ्टर्सचा एस-३८ जपून हाताळावा लागतो. १९४६चा हा सेट रेमंड लोवीच्या देखण्या रचनेमुळे आणि कमी किमतीमुळे खूप खपला. पण त्यात पॉवर ट्रान्सफॉर्मरच नाही, आतल्या मंडलाचा मेनशी थेट संबंध. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो चालवायला ऑटो-ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज उतरतं, पण मेनशी असलेलं नातं तुटत नाही. त्यासाठी दोन वेगळ्या वाइंडिंगचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच लागतो. तो बसवून, मीटर लावून खात्री केल्याशिवाय या सेटला ट्रान्समीटरची एकही वायर जोडू नये.